पाचवा सांधा आणि सातवा खण

ज्या दुखण्याला प्रकार नाही, ते कितीही दुखत असलं तरी अजून झालेलं नसतं. हे सत्य शाळेत शिकवत नाहीत. त्यामुळे लोक थेट रुग्णालयात येतात आणि 'दुखतंय, औषध द्या' म्हणून मोकळे होतात. अशांना शिस्त लागावी म्हणून आमच्याकडे बालसंधिवात वर्गीकरण समिती आहे. मी तिचा कार्यवाह. औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात.

लहान मुलांना संधिवात होतो हेच पुष्कळांच्या गावी नसतं. 'एवढीशी पोर, तिला कसला आलाय संधिवात? शाळा चुकवायची नाटकं सगळी!' असं शेजारीपाजारी म्हणतात. आम्ही इतके निर्दय नाही. आम्ही मुलाचं दुखणं लगेच मान्य करतो आणि फक्त एवढंच विचारतो, 'कुठल्या प्रकारचं?'

आजार आमच्याकडे दाखल व्हायला तीन अटी आहेत. रुग्ण सोळा वर्षांच्या आतला हवा. सूज निदान सहा आठवडे टिकलेली हवी (पाच आठवड्यांची सूज घेऊन आलेल्यांना आम्ही प्रेमाने परत पाठवतो, काही जण तेवढ्यात बरेही होतात, पण त्यांच्यावर आम्ही कारवाई करत नाही). आणि तिसरी अट अशी की आजाराचं कारण कुणाला माहीत नसावं. कारण सापडलं की तो आजार आमचा राहत नाही, दुसरं खातं उचलून नेतं. साहजिकच कारण शोधण्याच्या भानगडीत समिती पडत नाही.

या अटींतून जो पार पडला त्याच्यासाठी सात प्रकार आहेत. पहिला मोजक्या सांध्यांचा, म्हणजे चार किंवा त्याहून कमी. दुसरा पुष्कळ सांध्यांचा, म्हणजे पाच किंवा जास्त. तिसराही पुष्कळ सांध्यांचाच, पण दुसऱ्यात रक्ततपासणी 'नाही' म्हणते आणि तिसऱ्यात 'हो'. चौथ्यात अंगात ताप भरतो आणि पुरळ उठतं. पाचव्यात कातडीवर खपल्या येतात, मग त्या मुलाच्या असोत की आईबापाच्या (आईबापाच्या असतील तर जोडीला मुलाच्या अंगावर एखादी खूण लागते). सहावा टाचेचा. जो कशातच बसत नाही, किंवा एकापेक्षा जास्त ठिकाणी बसतो, तो सातवा. त्याला आम्ही 'इतर' म्हणतो. एकाच माणसाला दोन खुर्च्यांवर बसता येत असेल तर त्याला उभं ठेवावं, असा यामागचा विचार आहे.

कपाटालाही सात खण आहेत. प्रकार ठरला की त्या क्रमांकाचा खण उघडतो आणि औषध बाहेर येतं. प्रकार ठरल्याशिवाय कुठलाही खण उघडायचा नाही, हा नियम आहे, आणि मी असेपर्यंत तो राहील. सातव्या खणात समितीच्या चहाचं सामान असतं. 'इतर' प्रकारात कुणाला घालायची वेळ सहसा येत नाही. रोज बैठक घेणाऱ्या समितीला ते शोभणारही नाही.

समितीचं काम वाखाणण्यासारखं आहे. गेल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी ऐंशी टक्के मुलांना प्रकार मिळाला. पंधरा टक्के मुलांचा प्रकार मिळाल्यानंतर बदलला. उरलेली पाच टक्के मुलं मोठी झाली (सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रकरण आपोआप निकाली निघतं, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही). बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे जिन्याने यावं लागतं, याबद्दल काही पालक कुरकुर करतात. लिफ्ट आहे, पण ती फायलींसाठी. शिवाय जिन्याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. जी मुलं वरपर्यंत पोचतात त्यांचे सांधे एकंदरीत बरे असतात, आणि त्यामुळे आमचे आकडे चांगले दिसतात.

एवढी चोख व्यवस्था एका आठ वर्षांच्या मुलीने कशी वेठीला धरली, ते आता सांगतो.

घरात तिला भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलं होतं. आमच्याकडे आली तेव्हा ती बापाच्या कडेवर होती आणि आठ वर्षांची मुलगी बापाच्या कडेवर जशी दिसते तशी रागावलेली दिसत होती. बाप बेकरीची गाडी चालवायचा. आई कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला. बरोबर आईची आई, म्हणजे आजी. तिचा व्यवसाय बोलणे.

"दोन महिन्यांमागे घरभर नाचत होती हो," आजी म्हणाली. "आता सकाळी पलंगावरून उतरायचं तर दोघांनी धरावं लागतं. गुडघे बघा, कसे टरारलेत!"

"आजी, तुम्ही बसा," मी म्हणालो. "समिती मोजेल."

समितीने मोजलं. दोन गुडघे, डावा घोटा, उजवं मनगट. एकूण चार. पहिला प्रकार! माझा हात किल्लीकडे गेलाही होता. इतक्यात आई म्हणाली, "आणि करंगळी."

सगळ्यांनी डाव्या हाताची करंगळी पाहिली. करंगळी चांगली बारीक होती, वाकत होती, दाबली तर दुखत नव्हती.

"आत्ता नाही दिसायची," आई म्हणाली. "सकाळी सुजते. दहा-अकरापर्यंत ताठ असते. मग हळूहळू उतरते."

इथे थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे. हा आजार मुळात सकाळचा. झोपून उठलं की सांधे आखडतात, वापरात आले की सैल पडतात. समितीची बैठक मात्र दुपारी, चहा झाल्यावर. याचं कारण अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, सकाळी उपलब्ध नसतात. कार्यवृत्तात मी त्याची नोंद 'सकाळी चिंतन' अशी करत आलो आहे. तेव्हा समितीने आजवर एकही सुजलेली सकाळ पाहिलेली नाही, आणि तिच्या निष्पक्षपणाचा याहून मोठा पुरावा मला तरी सुचत नाही.

करंगळी धरली तर सांधे पाच आणि प्रकार दुसरा (रक्त 'नाही' म्हणालं होतं). न धरली तर चार आणि प्रकार पहिला. समितीत तट पडले. रक्तवाले डॉक्टर म्हणाले, आई सांगते तर धरा. कातडीवाले डॉक्टर म्हणाले, आईच्या सांगण्यावर मोजायचं तर समिती कशाला, आयाच पुरेत. हे बोलणं सगळ्यांना पटलं आणि थोडं झोंबलंही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

समितीत एक नव्या डॉक्टरीणबाई होत्या. हुशार, पण घाईच्या. त्या म्हणाल्या, "सर, करंगळीचं राहू दे. उजवा गुडघा बघा, आत्ताच पुरता सरळ होत नाहीये. औषध लांबलं तर तो असाच वाकडा राहील. कायमचा."

भिंगरीने ते ऐकलं होतं. तपासायच्या टेबलावर पाय लांब करून तिने दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबून पाहिला. तो काही टेकला नाही. आईने तिचे हात धरून बाजूला केले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. 'कायमचा' हा शब्द कार्यवृत्तात बसत नाही, म्हणून मी 'तूर्त' असं लिहिलं.

पुढच्या बैठकीला बापाने मोबाइलवर सकाळचा फोटो आणला. फोटोत करंगळी भेंडीसारखी दिसत होती. पण सांधा दाबून बघावा असा नियम आहे. कातडीवाल्या डॉक्टरांनी फोटो दोनदा दाबला. एकदा तो मोठा झाला आणि एकदा बापाच्या गाडीचा फोटो आला. पुरावा फेटाळण्यात आला.

फोन परत घेताना बापाची बाही वर सरकली, आणि इथेच घात झाला. त्याच्या कोपरावर पांढऱ्या खपल्यांचा रुपयाएवढा डाग होता.

"हे काय?" कातडीवाल्या डॉक्टरांचे डोळे चमकले. बिचारे कित्येक महिने या समितीत नुसते चहा पीत बसले होते.

"काही नाही, जुनंच आहे," बाप बाही ओढत म्हणाला. "भट्टीच्या उष्णतेनं होतं."

"तुम्ही तर गाडी चालवता!"

"तेच ते. तिथूनच माल उचलतो ना."

आजीने जावयाकडे असं पाहिलं की मलाच बाही ओढून घ्यावीशी वाटली. "लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं हे," ती म्हणाली. बाप म्हणाला, "तेव्हा नव्हतं." आजी म्हणाली, "तेव्हा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता." हा कौटुंबिक वाद समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने मी त्याची नोंद केली नाही, मात्र ऐकला पूर्ण.

बापाच्या खपल्यांमुळे मुलगी पाचव्या प्रकाराला पात्र ठरू शकत होती आणि त्याच खपल्यांमुळे पहिल्या-दुसऱ्यातून बाद होत होती. पण त्या खपल्याच आहेत की साधा कोरडेपणा, हे ठरवायला उपसमिती हवी. उपसमिती नेमली. कातडीवाले डॉक्टर तिचे अध्यक्ष झाले आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बिस्किटं दिली. भिंगरीलाही एक दिलं. तिने ते डाव्या हातात घेतलं, कारण उजवं मनगट वळत नव्हतं.

आता आजीच्या कर्तबगारीकडे वळतो. तिसऱ्या खेपेला ती उशी आणि पांघरूण घेऊन आली. दाराबाहेरच्या बाकावर भिंगरीला आडवी केली, पडदे ओढले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दटावत बसली: "शू! पोर झोपलीय!" मी स्वतः माझ्याच कार्यालयात पाय न वाजवता फिरत होतो. समितीने नाव पुकारल्यावर तिला उठवलं. पोरगी अर्धवट झोपेत आत आली आणि तिने हात पुढे केला.

करंगळी सुजलेली! ताठ, लाल, गरम. रक्तवाल्या डॉक्टरांनी दाबली तर पोर ओरडली.

"मोजा आता," आजी म्हणाली. "घ्या मोजून!"

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण वर्गीकरण हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. कातडीवाले डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वेळ किती झाली?"

"साडेतीन."

"मग ही सूज सकाळची की दुपारची? दुपारची म्हणावी तर ही मुलगी दुपारी सुजत नाही असं आईनंच सांगितलंय. सकाळची म्हणावी तर ही सकाळ नाही. ही कृत्रिम सकाळ आहे."

काय तो शब्द! कृत्रिम सकाळ! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी नेमकी हरकत मी ऐकली नव्हती. मी ती जाड अक्षरांत लिहिली. आजीने मात्र कातडीवाल्या डॉक्टरांना उद्देशून जे म्हटलं, ते मी पातळ अक्षरांतही लिहिलेलं नाही. नव्या डॉक्टरीणबाई उठून बाहेर गेल्या आणि जिन्यात उभ्या राहून रडल्या असं शिपाई सांगत होता. कामाचा ताण असतो.

या सगळ्यात दिवस जात होते, आणि दर खेपेला भिंगरीला वर आणायला बापाला जास्त वेळ लागत होता. तिचं वजन वाढलं नव्हतं. पाय पसरून बसवता येईना, म्हणून तिला धरायचं कसं हेच त्याला कळेना.

मग एकदा खोलीला रंग द्यायचं निघालं. रंगारी म्हणाला, दुपारी येतो. म्हणून त्या एका दिवसापुरती बैठक सकाळी ठेवावी लागली. रुग्णालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. सकाळी मी फायली घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला उभा होतो (लिफ्टमध्ये रंगाचे डबे होते). खाली पाहतो तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर दोन माणसं बसलेली.

एक भिंगरी. बाप खाली गाडी लावायला गेला होता आणि ही बाई हट्टाने स्वतःच चढायला लागून मधेच अडकली होती. दुसरे आमचे मोठे डॉक्टर. कठडा दोन्ही हातांनी धरून ते आडवे, खेकड्यासारखे चढत आले होते आणि त्यांचीही गाडी तिथेच अडली होती. 'सकाळी चिंतन' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"आजोबा, तुमचेपण आखडतात?" भिंगरीने विचारलं.

"आखडतात."

"सकाळी?"

"सकाळीच."

"आणि दुपारी?"

"दुपारी जरा सुटतात."

"म्हणून तुम्ही दुपारी येता?"

"हो."

भिंगरी विचारात पडली. मग म्हणाली, "मग मला कशाला दुपारी बघता?"

इतक्या थेट प्रश्नाला उत्तर न देण्याची समितीची प्रथा आहे आणि मोठ्या डॉक्टरांनी ती पाळली. मग म्हणाले, "हात बघू."

तिने हात दिला. करंगळी टम्म सुजलेली होती.

"दुखतं?"

"हळू दाबा ना! तुमचा गुडघा दाबू का मी?"

"नको," मोठे डॉक्टर घाईघाईने म्हणाले. आणि मग त्यांनी तिचा उजवा पाय पायरीवर आडवा ठेवून गुडघा अगदी हलक्या हाताने खाली दाबून पाहिला. तो पायरीला टेकला नाही. मधल्या फटीत त्यांनी आपला हात घालून पाहिला. हात आरपार गेला. त्यांचा चेहरा असा झाला की मी फायली छातीशी धरून एक पायरी मागे सरकलो.

ती दोघं वर कशी आली ते विचारू नका. 'आधी हा पाय घ्या, मग तो जोडा, मग थांबा,' असं ती त्यांना सांगत होती आणि ते ऐकत होते. खोलीत पोचल्यावर घामाघूम झालेले मोठे डॉक्टर मला म्हणाले, "कपाट उघडा."

"कुठला खण, सर?"

"कुठलाही."

"सर, 'कुठलाही' असा खण नाही. पहिला, दुसरा..."

"अहो, उघडा म्हणतो ना!"

माझ्या पदाला साजेसा संकोच मी करत होतो, तेवढ्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेचा जुडगा सरळ काढून घेतला आणि फटाफट सगळे खण ओढले. पहिल्या खणात एक पांढरी बाटली होती. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात तीच. सहाव्यापर्यंत तीच बाटली, तेच औषध, फक्त चिठ्ठ्यांचे रंग वेगळे. सातव्या खणात चहाची पूड आणि एक उघडा बिस्किटाचा पुडा.

"हे एकच औषध आहे?" आईने विचारलं. ती नुकतीच धापा टाकत वर आली होती. "सगळ्यांना एकच?"

"सुरुवात यानेच करायची असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढे लागेल तसं बदलतात."

"मग इतके दिवस..." आई म्हणाली. खुर्ची होती, पण ती जमिनीवरच बसली.

मला इथे खुलासा करावासा वाटतो. एकाच नळाचं पाणी सहा भांड्यांत भरलं म्हणून भांडी एक होत नाहीत. चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या आहेत आणि एकही वाकडी नाही. पण त्या सकाळी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. भिंगरीला औषध सुरू झालं. प्रकार ठरला नसताना! रुग्णालयाच्या इतिहासात असंही पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही त्याच सकाळी. बैठक सकाळी घेतली की काय होतं ते बघा.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी अध्यक्षपद सोडलं. आता ते तळमजल्यावर बसतात, सकाळी, आणि मुलंही तिथेच येतात. दोघांना जिना नको. समितीचं काम अर्थात थांबलेलं नाही, कारण खरा प्रश्न अजून तसाच आहे: मुलीचा प्रकार कोणता?

तुम्हीच बघा. जिन्यावर पाहिलेली करंगळी धरली तर सांधे पाच, म्हणजे दुसरा प्रकार. पण जिन्यावर समितीची गणसंख्या पूर्ण नव्हती, तेव्हा करंगळी धरता येत नाही, म्हणजे पहिला. बापाच्या कोपराबद्दल उपसमितीचा अहवाल आला आहे: खपल्या खऱ्या आहेत. म्हणजे पहिला आणि दुसरा दोन्ही बाद, पाचवा नक्की. पण पाचव्यासाठी एकट्या बापाच्या खपल्या पुरत नाहीत, मुलीच्या नखांवर खड्डे वगैरे काही तरी लागतं, आणि तिची नखं आजीने इतकी बारीक कापून ठेवली आहेत की काही दिसतच नाही. म्हणजे पाचवाही बाद. उरला सातवा. पण सातवा खण रिकामा करायचा तर चहा कुठे ठेवायचा? सहाव्यात ठेवावा तर टाचेची मुलं काय म्हणतील? शिवाय आता औषधामुळे करंगळी सकाळीसुद्धा सुजत नाही, त्यामुळे नव्याने मोजायची सोय राहिलेली नाही. औषध थोडे दिवस थांबवून पाहावं, अशी सूचना कातडीवाल्या डॉक्टरांनी मांडली होती. आजी खाली बसलेली असते हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ती मागे घेतली.

हे प्रकरण मी आजवर पुष्कळांना सांगितलं. सगळे इथपर्यंत येतात आणि पुढे वाकून एकच विचारतात, 'मग, शेवटी कुठला ठरला?' तुमच्याही मनात आत्ता तेच आहे. करंगळी धरायची की नाही, यावर तुमचं मत तयार झालंय. चहासाठी एखादी जागाही सुचली असेल. संकोच करू नका, फार चांगली गोष्ट आहे. समितीत एक जागा रिकामी आहे आणि आम्ही अगदी तुमच्यासारख्या माणसाच्या शोधात आहोत.

गुडघा ना? सरळ झाला. पार टेकतो आता. परवाच ती काही काम नसताना वर आली आणि त्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेली. मी फायली सांभाळत भिंतीला चिकटून उभा राहिलो म्हणून वाचलो. मघाशीच सांगणार होतो. पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

तर बैठक दुपारी असते, चहा झाल्यावर. तिसऱ्या मजल्यावर या. जिन्याने.